वीस लिटरची टाकी, कॅनभर समुद्र आणि आठवड्यात कोरल?

सध्या एक निरोप जो तो पुढे ढकलतोय: 'घरातच समुद्र! लहान टाकी सोपी, वीस लिटरची घ्या, चौपाटीवरून कॅनभर पाणी नि चार खडक आणा, आठवड्यात कोरल लावा. खडकावर घाण साचली तर उकळतं पाणी ओता. स्किमर-बिमर ही दुकानदारांची चाल.'

स्किमर म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र. त्याबद्दलचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे. मश्रूम, झोअँथिड, लेदर अशी सोपी कोरल (प्रवाळं), मासे एक-दोनच आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलण्याची तयारी असेल, तर स्किमरवाचून अडत नाही. बाकीचं मात्र तपासून घ्यावं लागेल.

'लहान टाकी सोपी.' साफ उलटं. वाफ होऊन उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. वीस लिटरमधलं एक लिटर उडालं की 35 ची क्षारता (हजार भागांत 35 भाग मीठ) जवळपास 37 वर जाते. शंभर लिटरमध्ये तेवढ्याच तुटीने अर्ध्या अंकाचाही फरक पडत नाही. मोठ्या टाकीतून वाफ थोडी जास्त जाते हे धरलं, तरी सावरायला सवड मिळते. ही तूट भरायची आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षार जवळपास पूर्ण काढलेल्या, गोड्या पाण्याने. नवशिके इथे मिठाचं पाणी ओततात आणि कोरल मिटून बसलं की दिव्याला दोष देतात. उन्हाळ्याचंही तसंच: टाकीला हवं 25-26 अंश, आणि मुंबईच्या दमट हवेत पंख्याने ते फारसं उतरत नाही. खरा खर्च चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, तो निरोपात नाही.

'चौपाटीचं पाणी फुकट आणि अस्सल.' फुकट आहे, पण त्यात शहराचं सांडपाणीही आहे. पावसाळ्यात क्षारता उतरते, गाळ वेगळाच. कोरलच्या टाकीसाठी मिळणारं रीफचं मीठ आरओ-डीआय पाण्यात कालवावं. स्वयंपाकघरातला आरओ पुरत नाही. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं, म्हणून विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवत नाही. डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून, पाणी गेल्यावर तो शून्यावर यायला हवा. आणि खडेमीठ नको, त्यात कोरलला लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम पुरेसं नसतं.

'आठवड्यात कोरल.' टाकीतल्या घाणीतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू खडकावर बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत हात आवरा.

'खडक किनाऱ्यावरून.' त्यावर जिवंत प्रवाळ असलं तर हा गुन्हा आहे. सगळी दगडी प्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. मालवणला तर 1987 पासून सागरी अभयारण्यच आहे.

राहिलं उकळतं पाणी. काही झोअँथिडांत, विशेषतः पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. असा खडक उकळला किंवा त्यावर गरम पाणी ओतलं, तर ते वाफेबरोबर फुप्फुसात जातं. अशाने अख्खी कुटुंबं इस्पितळात दाखल झाली आहेत. घासायचं झालंच तर खडक पाण्याखाली ठेवून, हातमोजे आणि चष्मा घालून.