प्रती किती घेणार?

सांगलीत राहून कथा लिहिणं हाच मुळात आगाऊपणा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं, तेव्हापासून गाव नाट्यपंढरी. त्यामुळं ‘लिहितो’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग नाटक का न्हाई लिहिलं?" तरी मी कथासंग्रहच लिहिला आणि पुण्याच्या एका प्रकाशकांकडं पाठवला.

बरेच दिवस सामसूम. मग फोन. कथा बऱ्या की वाईट, याबद्दल चकार शब्द नाही.

"सर, तुम्ही प्रती किती घेणार?"

लेखकाला मानाच्या प्रती देतात हे ऐकून होतो. संकोचानं म्हटलं, "दहा पुरेत."

पलीकडं थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला. "विकत, सर. तीनशेची आवृत्ती आहे. दोनशे तुम्ही उचला."

उरलेल्या शंभर कोण उचलणार, हे विचारायची छाती झाली नाही.

मग पानांचं त्रांगडं. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात. माझी पानं भरली १३२. "एकतर चार कापा, नाहीतर बारा वाढवा." वाढवली तर कागदाचे पैसे वाढणार, तेही माझेच. शेवटच्या कथेत नायकाची आई चार पानं अंथरुणाला खिळून होती, डोळ्यांत पाणी आणत होती. तिला एका वाक्यात उरकली. आठ फॉर्म चोख बसले. समीक्षकांना हवी असलेली अल्पाक्षरी शैली म्हणतात ती बहुतेक अशीच येत असावी.

प्रुफं आली तर जुन्या फॉन्टमधून युनिकोडात जाताना निम्मे रफार गळालेले. गुरुजींचा मार्ग धरणारी नायिका गुरुजींचा माग धरून निघालेली. खरं तर कथा सुधारली होती. नाइलाजानं रफार परत दिला.

एक गोष्ट मात्र सुखाची. पुस्तकाला आयएसबीएन मिळाला, चांगला तेरा आकडी. आधारला बाराच असतात, म्हणजे माझ्यापेक्षा माझ्या पुस्तकाची ओळख एका आकड्यानं पक्की. शिवाय १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकानं स्वखर्चानं एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची, आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीलाही. हरभट रोडवर कुणी विचारो न विचारो, चेन्नईत मी कायद्यानं पोचणार. चारही वाचक सरकारी, पण हक्काचे!

गठ्ठे टेम्पोतून घरी आले. सुतळी सोडायच्या आधीच बायको म्हणाली, "अहो, खाली ठेवू नका. २०१९ चा पूर विसरलात काय?" झालं, दोनशे प्रती माडीवर चढवल्या. साहित्यात वर जाणं ते एवढंच. पाहुणेरावळे आले की भडंगाबरोबर एकेक प्रत पुढं करतो. भडंग संपतं.

परवा शेजारचे अण्णा आपणहून आले. "तुमचं पुस्तक द्या की दोन." पैसे रोख काढले. माझा ऊर भरून आला. खिशातून पेन काढून टोपण उघडलं, तसा त्यांनी माझा हात धरला.

"सही नको, सर. भाचीच्या लग्नात आहेर करायचाय. सही असली की पुढं कुणाला देता येत न्हाई त्यांना."