कार्ड तपासायला पाठवण्यापूर्वी

समजा, बेळगावात शहापूरच्या जुन्या घरात माळा साफ करताना पत्र्याच्या डब्यात, एलआयसीच्या पावत्यांखाली, तुम्हाला सिगारेटच्या पाकिटातून मिळायचं तसलं चित्राचं एक कार्ड सापडलं. १९३८ सालचं, प्लेयर्स कंपनीच्या ५० क्रिकेटपटूंच्या संचातलं, आणि नेमका ब्रॅडमन. कॅम्पातल्या कुणा गोऱ्या सोल्जरानं पाकीट फोडलं असेल आणि कार्ड आजोबांच्या खिशात आलं असेल. आजी तेव्हाच म्हणाली असेल, "हा कचरा मी बंबात घालतो बघ." तरी ते वाचलं. तर सगळ्यात आधी काय करायचं? खूश व्हायचं नाही. कार्डाला अजून नंबर पडलेला नाही, आणि नंबर पडायच्या आत खूश होणारा माणूस या धंद्यात अडाणी समजला जातो.

नंबर अमेरिकेतून आणावा लागतो. तिकडे पीएसए, एसजीसी, बेकेट अशा कंपन्या आहेत. त्या कार्ड भिंगाखाली धरतात. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध बसलंय का, एवढं बघून एक ते दहामध्ये मार्क देतात आणि कार्ड कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करून टाकतात. डबीवर चिठ्ठी. त्यानंतर ब्रॅडमनकडे कुणी बघत नाही, सगळे चिठ्ठीकडे बघतात.

मार्क कोण देतं, असं विचारू नका. माणूस देतो. आठ का दिले, सात का नाही, हेही विचारू नका. पीएसएच्या चिठ्ठीवर नंबर असतो, कारण नसतं. बेकेट चार बाबींचे चार मार्क वेगळे छापून देते, पण त्यांची बेरीज करून चारानं भागायला जाऊ नका. एकूण मार्क तसा निघत नाही. शाळेत गणितात हुशार होता म्हणून इथे दंगा करायचं कारण नाही.

निपाणी, अकोळकडच्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. व्यापारी वखारीत येतो, तंबाखूच्या बोदात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर माल काढून चुरगाळतो, नाकाला लावतो, तोंड वाकडं करतो आणि एक आकडा सांगतो. त्याच शेतातला, त्याच पावसातला दुसरा बोद शेजारच्या वखारीत दुसऱ्याच आकड्याला जातो. याच भागातले तंबाखू उत्पादक १९८१ साली शरद जोशींच्या मागे रास्त भावासाठी पुणे-बंगळूर रस्ता अडवून बसले होते. तुम्ही असलं काही करू नका. तुम्ही शेतकरी नव्हे, संग्राहक आहात. आकडा पटला नाही तर संग्राहकानं रस्त्यावर बसायचं नसतं, पुन्हा फी भरायची असते.

आता कार्ड घरच्या घरी तपासून घ्या. त्यासाठी टिळकवाडीतला भाचा बोलवा. आयटीत असलेला बरा. तो मोबाईलची बॅटरी तिरकी धरेल, सोनाराकडून आणलेलं भिंग डोळ्याला लावेल आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणेल, "मामा, वरच्या डाव्या कोपऱ्याला व्हाइटनिंग आलंय ओ." यावर "अरे, पंच्याऐंशी वर्षं उलटली त्याला. माझ्या डोक्याला केवढं आलंय बघ की" असं उत्तर तोंडात येईल, ते गिळा. तुमचं वय झालंय म्हणून तुमचे मार्क कमी झाले तर त्याला निसर्ग म्हणतात. कार्डाचे कमी झाले तर त्याला तुमचा निष्काळजीपणा म्हणतात.

मागची बाजूही बघा. ही कार्डं पोरांनी अल्बमात चिकटवावीत म्हणूनच काढली जायची. कंपनी अल्बमसुद्धा विकायची. म्हणजे ज्या पोरानं सांगितल्याप्रमाणे कार्ड अल्बमात चिकटवलं, त्याच्या नातवाचं नुकसान, आणि ज्यानं आळसानं खिशात ठेवून विसरून टाकलं त्याच्या नातवाची चांदी. अमेरिकेतली पोरं तर बेसबॉलची कार्डं सायकलच्या चाकाला लावून टरटर आवाज काढत हिंडायची. त्यांचे नातू अजून बोटं मोडतात.

मग मधोमधपणाचं माप. चित्राच्या डावीकडे पांढरी कड किती, उजवीकडे किती, याचं प्रमाण बघतात. ५०-५० म्हणजे निर्दोष. पण निर्दोष फारसं सापडत नाही, म्हणून ५५-४५ चालतं. दहा मार्कांसाठीसुद्धा कैक वर्षं ६०-४० पर्यंत चालवून घेत होते. शिवाय सात आणि त्यावरच्या कार्डांना पीएसएच्या नियमांतच पाच टक्क्यांची ढील ठेवलेली आहे, का तर कार्ड नजरेत भरलं पाहिजे. कुणाच्या नजरेत, ते लिहिलेलं नाही. सीमावादात इकडे किती टक्के आणि तिकडे किती टक्के, या हिशेबात आपल्या तीन पिढ्या गेल्या. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. तेव्हा टक्क्यांच्या वादात आपल्याला कोण हरवणार, असं वाटणं साहजिक आहे. पण इथे वाद घालायला समोर कुणी नसतंच, फक्त डबी परत येते.

कडांचा विषय नाजूक आहे, इथे थोडं बसून वाचा. कडा झिजलेल्या असल्या तर मार्क कमी होतात. कडा फार सरळ असल्या तर संशय येतो, कारण कडा कापून कार्ड नवं करणारे कलाकार असतात. त्यातही कॅनडातल्या ओ-पी-ची कंपनीची जुनी कार्डं कारखान्यातूनच खडबडीत कडांची निघायची. वेन ग्रेट्स्की या आइस हॉकीपटूचं १९७९ चं पहिलं कार्ड तसलंच. तिथे कड उंदरानं कुरतडल्यासारखी असली तर खरी समजायची. म्हणजे गुळगुळीत चालत नाही आणि खडबडीतही चालत नाही, पण कधी कधी खडबडीतच पाहिजे. समजलं ना? नसेल तरी मान हलवा.

आणि एक उदाहरण पाठ करून ठेवा, कुठेही उपयोगी पडतं. अमेरिकन टोबॅको कंपनीनं १९०९ ते १९११ मध्ये सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंची कार्डं घातली. त्या संचाला आज टी-२०६ म्हणतात. त्यात पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरची कार्डं फारच थोडी बाहेर पडली. त्याला आपलं चित्र तंबाखूबरोबर नको होतं, अशी एक कथा सांगतात. (ही कथा निपाणीच्या बसस्टँडवर सांगू नका.) त्यातलं एक कार्ड १९९१ मध्ये लिलावात ४,५१,००० डॉलरला गेलं. घेणारे दोघे होते आणि त्यातला एक हा वर सांगितलेला ग्रेट्स्की. ज्याच्या स्वतःच्या कार्डाला खडबडीत कडा, त्यानं घेतलं ते कार्ड मात्र काल कापल्यासारखं धारदार. ८० वर्षं जुना पुठ्ठा आणि कोपरे सुईसारखे! पीएसए तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिनं नंबर दिलेलं हे पहिलंच कार्ड. नंबर पडला आठ.

पुढे ते कार्ड हात बदलत गेलं, किंमत चढत गेली आणि २००७ मध्ये २८ लाख डॉलरला विकलं गेलं. मग १९८० च्या दशकात ते ज्याच्याकडे होतं तो लिलाववाला बिल मॅस्ट्रो दुसऱ्याच एका भानगडीत, लिलावातल्या खोट्या बोलींसाठी, कोर्टासमोर उभा राहिला. २०१३ मध्ये गुन्हा कबूल करताना त्यानं हेही कबूल केलं की वॅग्नरच्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. कापलेल्या कार्डाला नंबर द्यायचा नाही, हा पीएसएचाच नियम. पण डबीवरचा आठ जागेवरच राहिला आणि कार्डाचा मान तसूभर कमी झाला नाही. यातून तुम्ही काय घ्यायचं? कात्री वाईट, असं घेऊ नका. कात्री चालवायची असेल तर रांगेत पहिला नंबर लावायचा, हे घ्या. २०१९ मध्ये काही चिकट संग्राहकांनी लिलावांचे जुने फोटो आणि डबीतल्या कार्डांचे नवे फोटो शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा कापलेली बरीच कार्डं चांगल्या मार्कांनी पास झालेली दिसली. ती सगळी रांगेत मागे होती म्हणून बिचाऱ्यांची बदनामी झाली.

अर्ध्या मार्काचं महत्त्वही लक्षात ठेवा. बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कंपनीचं कार्ड पीएसए नऊच्या डबीत जानेवारी २०२१ मध्ये ५२ लाख डॉलरला गेलं. त्याच चित्राचं दुसरं कार्ड एसजीसी साडेनऊच्या डबीत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. आता गंमत बघा. पीएसएनं २००८ मध्ये अर्धे मार्क सुरू केले, पण ते साडेआठला थांबतात. साडेनऊ हा मार्क तिच्याकडे नाहीच. म्हणजे तेव्हा जगातलं सगळ्यात महाग ठरलेलं हे कार्ड त्या दारात गेलं असतं तर एक तर नऊ झालं असतं नाही तर दहा, आणि त्यावर दोन-चार बंगले इकडचे तिकडे झाले असते. कार्ड तेच, कोपरे तेच. बदललं असतं ते दार.

फीचा फॉर्म भरताना कार्डाची अंदाजे किंमत लिहावी लागते, कारण फी किमतीवर ठरते. तुम्ही चार रुपये वाचवायला किंमत कमी लिहिली आणि कार्डाला मार्क जास्त पडले, तर किंमत वाढली म्हणून वरची फी मागून घेतात. इथे आमचा वखारवाला कमी पडला म्हणायचा. माल चांगला निघाला म्हणून त्यानं शेतकऱ्याकडून वर पैसे घेतले, असं अजून ऐकलेलं नाही. शिकेल हळूहळू.

मार्क कमी पडले तर खचू नका, डबी फोडा. या प्रकाराला धंद्यात मान आहे. छिन्नी आणि हातोडी लागते, थोडा दैवाचा भाग लागतो. कार्ड बाहेर काढायचं, नव्या पाकिटात घालून पुन्हा पाठवायचं. गेल्या खेपेचा सहा या खेपेला सात होतो, कधी पाचही होतो. पाच झाला तर पुन्हा फोडायची. कुठल्या नंबराची किती कार्डं आहेत याची मोजदाद कंपनी ठेवते. पण फोडलेल्या डबीची चिठ्ठी जो तो परत पाठवत नाही, त्यामुळे एकच कार्ड त्या यादीत तीन-तीनदा जिवंत असतं. मतदार यादी बघितलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये. हल्ली थोडं जपून करा. पीएसएच्या मालकांनी २०२१ मध्ये कार्डाची ओळख पटवणारं तंत्र असलेली एक कंपनी विकत घेतली आहे, तेव्हा यंत्र तुमच्या ब्रॅडमनला ओळखून "परत आलास काय बाबा" म्हणू शकतं.

त्याच वर्षी इतक्या लोकांनी इतकी कार्डं पाठवली की मार्चअखेर पीएसएला बहुतेक नवी आवक बंद ठेवावी लागली. म्हणून घाई नको. पाकिटावर पत्ता लिहिताना एवढीच काळजी घ्या की बेळगाव लिहू की बेळगावी, यावर घरात वाद होऊन कुरियरवाला दारात ताटकळू नये.

पीएसएवर विश्वास नसेल तर दुसरं मत घ्यायला एसजीसीकडे जा. जरूर जा. फक्त २०२४ मध्ये पीएसएच्या मालकांनी एसजीसीही विकत घेतली, हे माहीत असू दे. एका डॉक्टरचं पटलं नाही म्हणून शेजारच्या दवाखान्यात जावं आणि तिथेही त्याच घरचा बोर्ड दिसावा, पण खुर्च्या वेगळ्या. मन रमतं.

अखेर डबी घरी आली आणि त्यावर चार आला, असं धरू. विकायला काढताना चार म्हणू नका. "चारात आहे, पण दिसायला सहा" म्हणा. कोल्हापूरचा गिऱ्हाईक फोटो मोठा करून बघेल आणि म्हणेल, "अहो, आपण कार्ड विकत घ्यायचं असतं, डबी नव्हे." हे वाक्य तुम्हीही पाठ करा, पण फक्त विकत घेताना वापरा. विकताना ते समोरून आलं तर शांतपणे म्हणायचं, "मग डबी ठेवून घेतो, कार्ड तेवढं घेऊन जावा." तो घेणार नाही. उलट डबीला ओरखडा तर नाही ना, हे बघायला आणखी दोन फोटो मागेल.