मामांचा फॉरवर्ड आणि हाडाजवळचा लाल रंग

पुतण्याचा दहावा वाढदिवस. ‘सावजीचं तिखट जेवण नको, बर्गर पाहिजे’ म्हणून पोट्टं अडून बसलं, तेव्हा आम्ही नऊ जण नागपूरच्या धरमपेठेतल्या एका फ्राइड चिकनच्या दुकानात गेलो. सगळं मजेत चाललं होतं. मग मामांनी लेगपीस तोडला, हाडापाशी लालसर दिसलं आणि त्यांनी ट्रे दूर सारला. ‘कच्चं आहे बे हे!’

रात्री फॅमिली ग्रुपवर त्यांचा फॉरवर्ड आला. वर्षातून तीनदा येतो तोच. त्यात म्हटलं होतं, की चाळीस दिवसांत दोन किलोची कोंबडी होते ती हार्मोनच्या इंजेक्शनानं. हाडाजवळ लाल दिसतं ते न शिजलेलं रक्त. बर्गर महिनाभर ठेवला तरी बुरशी धरत नाही, म्हणजे त्यात प्लास्टिक आहे. आणि केएफसीनं नावातून ‘चिकन’ काढलं, कारण ती कोंबडीच नाही, सहा पायांचा भलताच प्राणी आहे. शेवटी तीन वेळा हात जोडून ‘आपलं सावजी खा, निरोगी राहा’.

मामा वयानं मोठे. ग्रुपवर सगळ्यांदेखत तोंडाला लागणं बरं दिसत नाही, म्हणून इथं लिहितो.

आधी इंजेक्शन. उमरेड रोडला माझ्या एका मित्राचं शेड आहे, पाच हजार पक्ष्यांचं. वाढीचं हार्मोन हे प्रथिन असतं. खाद्यात मिसळलं तर पोटात पचून जातं. म्हणजे सुईच टोचावी लागेल, तीही एकेका पक्ष्याला पुन्हा पुन्हा. किलोमागे चार-दोन रुपये सुटले तर नशीब, अशा धंद्यात पाच हजार कोंबड्या पकडून रोज टोचत कोण बसेल? शेडमध्ये लशी दिल्या जातात त्या मानमोडी आणि गंबोरो या कोंबड्यांच्या रोगांवरच्या, त्याही बहुतेक वेळा डोळ्यात थेंब टाकून किंवा पिण्याच्या पाण्यातून.

मग कोंबडी एवढी भरभर वाढते कशी? निवड करून करून. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. १९५७, १९७८ आणि २००५ या काळांतल्या तीन वाणांची पिल्लं त्यांनी एकाच वेळी, एकसारखं खाद्य देऊन वाढवली. ५६ व्या दिवशी पहिल्या वाणाचं वजन सरासरी ९०५ ग्रॅम भरलं, दुसऱ्याचं १,८०८ आणि तिसऱ्याचं ४,२०२. वाण सोडून काही बदललं नव्हतं. एवढं वजन पेलताना त्या पक्ष्याचे पाय आणि हृदय थकतात, हे मला खुपतं. पण तो वाद वेगळा, इंजेक्शनाचा नव्हे.

औषधांबद्दल काळजी करायचीच असेल तर प्रतिजैविकांची करा. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध; पिल्लं लवकर वाढावीत म्हणून ते पोल्ट्रीत सर्रास वापरलं जायचं. आपल्या सरकारनं जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्यावर बंदी घातली. फॉरवर्डमध्ये याचा उल्लेख नाही.

आता तो लाल रंग. सहा आठवड्यांच्या पक्ष्याचं हाड अजून पुरतं भरलेलं नसतं, सच्छिद्र असतं. मांस गोठवलं, की हाडातल्या मगजातलं लाल द्रव्य झिरपून हाडालगतच्या मांसात उतरतं आणि पूर्ण शिजल्यावरही लालसर, नाहीतर काळपट दिसत राहतं. कोंबडी शिजली का हे तापमानावरून ठरतं. आत ७४ अंश सेल्सिअस झालं, की जंतू मरतात, रंग कोणताही असो. उलटही खरं आहे: वरून छान तांबूस झालेली पॅटी आतून कच्ची असू शकते. आपण थर्मामीटर घेऊन जेवायला जात नाही, मान्य. पण हाडाजवळचं मांस कोमट, चिकट, रबरासारखं ताणलं जाणारं लागलं तर ट्रे उचलून काउंटरवर परत द्यावा. मामांच्या लेगपीसमधून वाफ निघत होती आणि मांसाचे धागे सुटे होत होते.

बर्गरचं गूढ तर पापडाइतकं सोपं आहे. पातळ पॅटी आणि छोटा पाव उघड्यावर ठेवला तर बुरशी धरायच्या आत वाळून जातो. पाणी नाही तर बुरशी नाही. तोच बर्गर हवाबंद डब्यात ठेवून बघा.

नावाची गोष्ट १९९१ ची. कंपनीनं ‘केंटकी फ्राइड चिकन’ हे लांबलचक नाव आखूड करून ‘केएफसी’ केलं, त्यात ‘फ्राइड’ हा शब्द मागे सारणं तिला सोयीचं होतं. मेन्यूवर चिकन तेव्हाही होतं, आजही आहे. जास्त पायांच्या कोंबडीची अफवा चीनमध्येही पसरली होती. तिथं कंपनीनं २०१५ मध्ये ती पसरवणाऱ्यांवर शांघायच्या न्यायालयात खटला भरला आणि जिंकला.

राहिलं सावजी. मीही खातो, पाटोडी रस्सा दिसला की माझं भान सुटतं. पण मामा, गावरान मागितली नाही, तर तुमच्या त्या सावजीकडेही ब्रॉयलरच असतो, अशाच एखाद्या शेडमधला. तिथं लाल हाड दिसत नाही, कारण त्या काळ्या मसाल्यात हाडाचा रंग दिसतो कुणाला!

तेलाबद्दल मात्र फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जी घातक द्रव्यं साठतात, त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं, की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल लागणाऱ्यांनी त्याची नोंदही ठेवायची असते. कोपऱ्यावरच्या भजीवाल्याला ती नोंद लागत नाही, आणि त्याच्या कढईचा तळ मी आजवर पाहिलेला नाही.

त्या दिवशी काउंटरवर मी विचारलं, तेल कधी बदललं? पोरगा आत जाऊन विचारून आला: सकाळी. खरं की खोटं, कळायला मार्ग नव्हता. फ्राइज हुंगून पाहिल्या, खवट वास आला नाही. चिकन सोडून बसलेल्या मामांनी तोवर त्यांची दोन पाकिटं संपवली होती.