पोळी खाणाऱ्यांनी घरघंटीच्या नादी लागू नये

घरघंटी, म्हणजे घरातली छोटी पिठाची गिरणी, घ्यावी का, असं कोणी विचारलं की मी आता आधी उलट विचारते: तुमच्याकडे रोज पोळ्या होतात की भाकरी? पोळ्या होत असतील तर ते वीस-बावीस हजार रुपये जिथे आहेत तिथेच सुखाने राहू द्या. भाकरी होत असेल तर बसा, चहा टाकते, बोलू.

हे ऐकून आमच्या सोसायटीतल्या दोघी-तिघी रागावल्यात, कारण त्यांच्याकडे घरघंटी आहे आणि भाकरी फक्त हुरड्याच्या सहलीला. पण गेली काही वर्षं हे यंत्र माझ्या डोक्यात बसलंय. प्रदर्शनात दिसलं की पाय अडखळतात. कोणाच्या बाल्कनीत ते छोट्या कपाटासारखं, काचेच्या दाराचं, चाकांवर उभं दिसलं की बोलता बोलता माझा हात त्याच्या झाकणावर जातो. तेव्हा या बाबतीत मी काही विरक्त वगैरे नाही. मला ती हवीच आहे. म्हणूनच नीट विचार करायचा ठरवला.

आधी हिशेब, कारण आमच्या घरात तो विचारला जातोच. (टीव्ही ४३ इंचावरून ५५ इंचावर गेला तेव्हा 'वसूल कधी होणार' असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. असो.) आम्ही चार माणसं. गहू, ज्वारी, बाजरी, थोडं बेसन, अधूनमधून नाचणी असं महिन्याला पंधरा किलो दळण धरा. आमच्या गिरणीत किलोला आठ रुपये, म्हणजे महिन्याला १२० रुपये. घरघंटीला साधारण एक एचपीची मोटर असते, तासाला एखादं युनिट वीज खाते आणि विकणारे सांगतात त्याप्रमाणे तासाला नऊ-दहा किलो दळते. दहा रुपये युनिट धरलं तरी पंधरा किलोला पंधराएक रुपये. म्हणजे महिन्याला वाचले १०५, वर्षाला बाराशे-साडेबाराशे. वीस हजारांचं यंत्र वसूल व्हायला सोळा वर्षं. त्यात जाळ्या बदलायच्या, सर्व्हिसिंगचे पैसे द्यायचे, ते वेगळंच. तेव्हा 'दळणाचे पैसे वाचतात' असं जो विक्रेता सांगेल त्याला नमस्कार करून पुढच्या स्टॉलवर जावं. पैसे वाचत नाहीत. ही चैन आहे, आणि चैन म्हणूनच तिचा विचार करावा.

आता गहू. गिरणीत दोन दगडांच्या मध्ये गहू घासला जातो. त्या घासण्यात स्टार्चचे थोडे कण फुटतात, म्हणून पीठ जास्त पाणी पितं आणि पोळी दुपारच्या डब्यापर्यंत मऊ राहते. बहुतेक घरघंट्यांमध्ये दगड नसतोच. आत पोलादी पाती जोरात फिरतात, दाणा त्यांच्यावर आपटून फुटत राहतो आणि जाळीच्या भोकातून जाण्याइतका बारीक झाला की खाली पडतो. पीठ छान होतं, नाही असं नाही. पण शेजारच्या वहिनींनी कौतुकाने दिलेल्या पिठाच्या पोळ्या मला तरी गिरणीच्या पिठापेक्षा कणभर चामट लागल्या. हे माझं मत आहे, भांडायला या. मुद्दा असा, की गव्हाचं पीठ महिनाभर डब्यात निवांत राहतं. दहा किलो एकदा दळून आणलं की महिना निघतो आणि पहिल्या-तिसाव्या दिवसाच्या पोळीत फारसा फरक पडत नाही. मग ते घरी दळून मिळवलं काय?

ज्वारीचं तसं नाही.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिथल्या काळ्या रानातल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, पण ते नसतं तरी आम्हाला दुसरी ज्वारी गोड लागली नसती. लहानपणी घरात पीठ कधी आठवड्यापेक्षा जास्त राहिलंच नाही. गिरणीत दळण टाकायचं ते पायली-दोन पायलीचं, आणि खाणारी तोंडं दहा. त्यामुळे 'विरी गेली' हे शब्द मी माहेरी फार क्वचित ऐकले. पुण्यात येऊन दोन-तीन माणसांचा संसार मांडला आणि मग ते रोजचेच झाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारं चिवट प्रथिन, नसतं. ताज्या पिठाचा स्वतःचा जो चिकटपणा असतो, ज्याला आम्ही विरी म्हणतो, त्यावरच भाकरी थापली जाते. पीठ जुनं होत गेलं की तो कमी होतो. भाकरी थापताना कडा फुटतात, उचलायला गेलं की मधून चिरते आणि तव्यावर टाकेपर्यंत तिचा नकाशा झालेला असतो. मग आपण उकळतं पाणी घालून पीठ मळतो, म्हणजे त्यातला स्टार्च थोडा शिजून चिकट होतो आणि भाकरी कशीबशी जमते. जमते, पण ती चव येत नाही. पुण्यात 'मला भाकरी जमतच नाही' असं म्हणणाऱ्या निम्म्या पोरींचा हात चांगला आहे, पीठ म्हातारं आहे, असं माझं ठाम मत आहे. दुकानातलं ज्वारीचं पाकीट उलटून दळल्याची तारीख बघा कधीतरी.

बाजरीचं तर त्याहून अवघड. बाजरीत स्निग्धांश जास्त, १०० ग्रॅममध्ये साधारण पाच ग्रॅम. दाणा अख्खा आहे तोवर काही होत नाही, पण दळला की ती चरबी हवेत उघडी पडते, दाण्यातलीच विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होतं. उन्हाळ्यात त्याच्याही आधी. फ्रीजमध्ये ठेवलं तर थोडे दिवस वाढतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून सगळे बाजरी-नाचणीच्या मागे लागलेत. लोक हौसेने दोन-दोन किलो बाजरीचं पीठ आणून ठेवतात आणि मग म्हणतात, 'आमच्याकडे मुलांना बाजरी आवडत नाही, कडू लागते.' लागणारच!

म्हणजे भाकरीच्या घराला हवं ते थोडं थोडं आणि ताजं पीठ. आठवड्याला किलोभर. नेमकं हेच गिरणीत अवघड. आमचे गिरणीवाले काका भले गृहस्थ आहेत. डब्यात हात घालून 'वहिनी, याला ऊन दाखवा, ओल आहे' असं सांगणारे. खडा निघाला तर तळहातावर ठेवून दाखवणारे. पण किलोभर दळणाला त्यांचीही पंचाईत होते. गव्हावर ज्वारी टाकली तर पाव किलोभर पीठ मिसळीचंच निघतं. म्हणून ज्वारीवर ज्वारी पडेपर्यंत डबा ठेवून जायचं. आमच्या भागात ज्वारी दळणारे मोजके, त्यामुळे सकाळी ठेवलेला डबा कधी संध्याकाळी मिळतो, कधी दुसऱ्या दिवशी. गणपतीच्या आधी तांदळाच्या पिठीला हीच रांग, एकादशीच्या आधी वरई-राजगिऱ्याला हीच. त्यांची चूक काहीच नाही. एका माणसाने एका दगडावर किती जणांचे उपास सांभाळायचे?

(ज्यांच्या घरात सिलिअॅकचा, म्हणजे ग्लुटेन अजिबात न चालणारा, रुग्ण आहे त्यांनी ही सगळी पोस्ट सोडून द्या आणि सरळ घरघंटी घ्या, आणि तिच्यात गहू कधीही घालू नका. 'ग्लुटेन-फ्री' म्हणायची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम इतकी बारीक आहे. गव्हाच्या गिरणीत दळलेली ज्वारी तिथे चालत नाही. तिथे वसुलीचा प्रश्नच येत नाही.)

मिक्सरमध्ये करून पाहा, हा सल्ला मला आत्तापर्यंत किमान दहा जणींनी दिलाय. वाटीभर वरईला ठीक आहे. रोजच्या चार भाकऱ्यांची ज्वारी मिक्सरमध्ये काढायची तर भांडं तापतं, पीठ तापतं, चाळल्यावर निम्मी कणी उरते आणि ती परत फिरवायची. त्यापेक्षा जातं आणलेलं बरं. सासूबाई म्हणाल्याही, 'जातं आण, मी बसते.' गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय त्यांच्या.

मग मी डेमो पाहायला लागले. डेमोला नेहमी गहू दळतात. पांढरंशुभ्र, मऊसूत पीठ बाहेर येतं, बायका बोटांनी चोळून 'अगं बाई' म्हणतात आणि पुस्तिका घेतात. पुढच्या वेळी मी पिशवीतून स्वतःची अर्धा किलो ज्वारी नेली. विकणाऱ्या मुलाचा चेहरा जरा पडला, पण त्याने दळून दिली. घरी येऊन लगेच भाकरी टाकली. थापताना कड फुटली नाही, तव्यावर टम्म फुगली. तुम्हीही हेच करा. यंत्र ज्यासाठी घ्यायचंय तेच धान्य घेऊन जा. बाजरीवाल्यांनी बाजरी न्या. दळायला नकार दिला तर तोही एक निकालच समजा.

विकणारे जे सांगत नाहीत तेही ऐका. आवाज मिक्सरसारखा, पण मिक्सर दोन मिनिटांत थांबतो, हा पाऊण तास चालतो. पुण्यात दुपारी एक ते चार या वेळेत लावलीत तर परिणामांना तुम्ही जबाबदार. ओलसर धान्य अजिबात चालत नाही, जाळी बसते. त्यामुळे अनारशाचे भिजवलेले तांदूळ यात दळायचं स्वप्न सोडा, ते मिक्सरवरच. शेंगदाणे, तीळ असलं तेलकट काही नको. मसाला दळला तर पुढच्या भाकरीला धन्याचा वास. त्यासाठी मसाला कुटायचा डंकच बरा. धान्य निवडावं लागतं, खडा गेला की जाळी फाटते. आणि दळून झाल्यावर ब्रशने आतलं पीठ काढावंच लागतं. कोपऱ्यात राहिलेल्या मूठभर पिठाला पावसाळ्यात किडे होतात, झुरळं येतात, तळमजल्यावर राहत असाल तर उंदीरही. जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळल्यात तर दिसेल, 'फार कमी वापरलेली' घरघंटी ढिगाने विकायला आहे. त्यातल्या बऱ्याच जणी दळण्याला कंटाळल्या नसाव्यात, या साफसफाईला कंटाळल्या असाव्यात.

त्या जाहिराती पाहूनच माझा निर्णय पक्का झाला. मी नवी घेणार नाही. दोन-तीन वर्षं वापरलेली, एक एचपीची, निम्म्या किमतीत मिळते. मोटर चालू करून, सोबत ज्वारी नेऊन, दळून बघून घेणार. बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी जागा आहे, जाड पिनेचा सॉकेट आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, उपासाचं आणि थालीपिठाची भाजणी घरी. गहू पूर्वीसारखाच काकांकडे.

हे ऐकून नवरा म्हणाला, 'अगं, यंत्र घरात ठेवून गहू गिरणीत? मग सोळाची अठ्ठेचाळीस वर्षं होतील वसुलीला!' गणित बरोबर आहे त्याचं. निम्म्या किमतीचं धरायचं राहिलं, ते मी संध्याकाळच्या भाकरीनंतर सांगेन.

आता ज्यांच्याकडे आहे त्यांनी दोनच गोष्टी सांगा. ज्वारीसाठी कोणती जाळी लावता, आणि वापरलेलं यंत्र घेताना पाती झिजली आहेत हे कसं ओळखायचं? 'आमची पोळी मऊच होते' हे सांगायला येणाऱ्यांनी पोळ्या घेऊन यावं.