सायकलचा पुढचा लाईट घेताना ल्युमेनच्या आधी झोत पाहा

थंडीची चाहूल लागली की पहाटे साडेचार-पाचला निघणाऱ्या राईड वाढतात, बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडच्या, तारखा ठरतात आणि सायकलवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: पुढचा लाईट किती ल्युमेनचा घ्यावा? उत्तरांमध्ये आकडे चढत जातात. कुणी ४०० म्हणतो, कुणी ८००, तर कुणी ‘हायवेला हजाराच्या खाली जाऊच नका’ असे ठामपणे सांगतो. माझ्या मते रस्त्यावर रात्री सायकल चालवणाऱ्याने आधी झोताचा आकार पाहावा, मग तो लाईट खरोखर किती तास पुरतो हे पाहावे आणि त्यानंतर ल्युमेनच्या आकड्याकडे वळावे. हे मी आग्रहाने लिहीत आहे, कारण चुकीच्या झोताचा त्रास ज्याने लाईट विकत घेतला त्याच्यापेक्षा समोरून येणाऱ्याला जास्त होतो.

ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. त्यातला किती रस्त्यावर पडला, किती झाडांच्या फांद्यांवर गेला आणि किती समोरच्या माणसाच्या डोळ्यांत घुसला, याचा पत्ता त्या आकड्यावरून लागत नाही. ते सांगणारे माप लक्स. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश पडला की तो एक लक्स. जर्मनीत सायकलच्या दिव्यांसाठी वाहन नियमावलीत, म्हणजे एसटीव्हीझेडओमध्ये, स्वतंत्र कलम आहे. तिथल्या मान्यताप्राप्त दिव्याने दहा मीटर अंतरावर किमान १० लक्स प्रकाश द्यावा लागतो आणि क्षितिजरेषेच्या वर जाणाऱ्या प्रकाशावर कडक मर्यादा असते. म्हणूनच तिथले उत्पादक खोक्यावर लक्स लिहितात. बुश अँड म्यूलर या कंपनीचा आयक्यू-एक्स १०० लक्सचा आहे, तर त्यांचाच बॅटरीवर चालणारा इक्सॉन कोअर ५० लक्सचा. ल्युमेनच्या शर्यतीत असे दिवे मागे पडल्यासारखे दिसतात, पण रस्त्यावर त्यांचा प्रकाश भरपूर पुरतो.

याचे कारण झोताच्या रचनेत आहे. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक लाईट हे मुळात हँडलला बांधलेले टॉर्च असतात. त्यांचा झोत गोल असतो आणि तो रस्त्यावर लांब टाकायचा म्हटले की त्याचा वरचा अर्धा भाग आपसूक हवेत जातो. याउलट कट-ऑफ झोताच्या दिव्यात परावर्तक असा घडवलेला असतो की वरची कड मोटारीच्या लो-बीमसारखी सरळ कापली जाते आणि वाचलेला प्रकाश रस्त्याच्या दूरच्या भागाकडे वळवला जातो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, त्यामुळे दूर जास्त आणि जवळ कमी प्रकाश टाकला तरच रस्ता एकसारखा उजळलेला दिसतो. गोल झोतात नेमके उलटे होते. पुढच्या चाकासमोर पाच मीटरवर लखलखीत चकती पडते, डोळे त्या उजेडाला सरावतात आणि पलीकडचा रस्ता होता त्यापेक्षाही काळा वाटू लागतो.

आपल्या प्रत्येक ट्रकच्या मागे ‘यूज डिपर ॲट नाईट’ असे लिहिलेले असते. दुहेरी रस्त्यावर समोरून गाडी आली की डिपर मारायचा, हा शिष्टाचार रात्रभर गाडी हाकणारे ड्रायव्हर बऱ्यापैकी पाळतात. सायकलवाल्याकडे मात्र डिपरच नसतो. पाचगणीहून वाईकडे पसरणीच्या घाटातून उतरताना समोरून वर येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर आपला गोल झोत पडला तर त्याला काही सेकंद कठडा कुठे आहे आणि रस्ता कुठे आहे हे कळत नाही, आणि तो चुकला तर पहिला आपल्यावरच येतो. सायकलवाले एकमेकांचेही असेच नुकसान करतात. साखर कारखान्यांच्या हंगामात सातारा, सांगली, कोल्हापूर भागात उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना सर्रास उभ्या असतात. समोरच्या सायकलच्या लाईटने डोळे दिपलेले असताना अशी ट्रॉली डाव्या बाजूला आली, तर ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. हँडलवरच्या वेगळ्या बटणाने लो आणि हाय बदलता येणारे दोन भिंगांचे लाईटही आता मिळतात. जर्मन पद्धतीचा दिवा परवडत नसेल किंवा मिळत नसेल, तर हा पर्याय मला चांगला वाटतो.

मग प्रकाश किती लांब हवा? याचे उत्तर वेगावर आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला साधारण ८.३ मीटर जाते. खड्डा दिसून बोटे ब्रेकवर दाबली जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर साडेबारा मीटर तिथेच संपतात आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी नऊ मीटर लागतात. म्हणजे बावीस मीटरपर्यंत रस्ता नीट दिसलाच पाहिजे. उतारावर वेग ५० झाला की हेच अंतर पंचेचाळीस मीटरच्या घरात जाते, आणि रस्ता ओला असेल तर त्याहून बरेच पुढे. शहरातल्या दिव्यांखाली २०–३० लक्स पुरतात. अंधाऱ्या राज्यमार्गावर सपाटीला ५० लक्सचा कट-ऑफ झोत मला पुरेसा वाटतो, घाट उतरायचा असेल तर ८०–१००. झोत जिथवर पोहोचतो त्याच्या पुढचा वेग ठेवू नये, मग लाईट कितीही महाग असो.

आकड्यांबद्दल आणखी एक गोष्ट. ऑनलाईन बाजारात हजार-बाराशे रुपयांत ‘१०,००० ल्युमेन, सहा तास’ असे छापलेले लाईट मिळतात. कागदावर हिशोब करून पाहावा. एलईडी दर वॉटला सुमारे १२० ल्युमेन देते असे उदारपणे धरले तरी १०,००० ल्युमेनला ८० वॉटपेक्षा जास्त शक्ती लागेल. आत साधारण १८६५० आकाराचे दोन लिथियम सेल असतात, प्रत्येकात चांगल्या प्रतीची सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा. ती पाव तासात संपेल आणि तेवढ्या उष्णतेने ती छोटीशी डबी हातात धरवणार नाही. म्हणजे तो आकडा खोटा आहे, दुसरा अर्थ निघत नाही. नावाजलेल्या कंपन्यांचे आकडेही समजून वाचावे लागतात. एएनएसआय एफएल१ या मानकात प्रकाश सुरुवातीच्या दोन मिनिटांच्या आत मोजला जातो आणि तो मूळच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ ‘रनटाईम’ म्हणून धरला जातो. ८०० ल्युमेन, दोन तास असे लिहिलेला लाईट दोन तासांच्या शेवटी ८० ल्युमेनवर आलेला असू शकतो. म्हणून उतरत्या प्रकाशाचा आलेख जी कंपनी छापते तिच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो.

लाईट कुठे लावला याने तर रस्ता निराळाच दिसतो. एकच खड्डा दोन प्रकारे पाहावा: हेल्मेटवरच्या दिव्यात तो सपाट डागासारखा भासतो, कारण प्रकाश डोळ्यांजवळून निघतो आणि सावली खड्ड्यातच लपते. तोच खड्डा फोर्कच्या माथ्यावर, म्हणजे चाकाच्या लगेच वर लावलेल्या दिव्यात पाहिला तर अलीकडच्या कडेची काळी सावली लांबूनच उठून दिसते. खाली लावलेला दिवा लहान खळगाही मोठा करून दाखवतो हे खरे, पण ही चूक मला चालते. धुक्यातही तोच उपयोगी पडतो. महाबळेश्वरच्या पठारावर पावसाळ्यात हँडलवरचा प्रखर पांढरा झोत धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो, तर खालून गेलेला झोत डोळ्यांच्या रेषेपासून दूर राहतो. हँडलला पुढे बॅग बांधणाऱ्यांनी तर फोर्कचाच विचार करावा, नाहीतर अर्धा प्रकाश बॅगेवर पडतो. रबरी पट्ट्याचे माउंट रम्बलर पट्ट्यांवरून गेले की हळूहळू खाली किंवा वर कलते, म्हणून स्क्रूने आवळायचे ब्रॅकेट घ्यावे.

झोताचा कोन लावायला पाच मिनिटे आणि एक भिंत लागते. सायकल भिंतीपासून पाच मीटरवर सपाट जमिनीवर उभी करावी, वर माणूस बसलेला असावा आणि दिव्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. दिवा जमिनीपासून एक मीटरवर असेल तर कट-ऑफची कड त्या रेषेच्या दहा सेंटिमीटर खाली आली पाहिजे. पाच मीटरला दहा सेंटिमीटर उतार म्हणजे ती कड पन्नास मीटरवर जमिनीला टेकते. गोल झोताचा लाईट असेल तर त्याचा मध्य पंधरा-वीस मीटरवर जमिनीला लागेल इतका खाली वाकवावा आणि लोकवस्तीत प्रकाश कमी करावा.

लांबच्या राईडला बॅटरीचा प्रश्न येतोच. ४०० किलोमीटरच्या बीआरएमला सत्तावीस तास मिळतात, आणि डिसेंबरात संध्याकाळी सहापासून सकाळी पावणेसात-सातपर्यंत दिवा लागतो. बारा-तेरा तास एका चार्जवर देणारा बॅटरीचा लाईट विरळा. त्यामुळे चार्ज होत असतानाही जळणारा लाईट घ्यावा किंवा जोडीला दुसरा छोटा लाईट असावा. नियमित रात्री चालवणाऱ्याने हब डायनॅमोचा विचार करावा असे मी आवर्जून सांगेन. पुढच्या चाकाच्या हबमध्ये ६ व्होल्ट, ३ वॉटचा जनित्र असतो. लहानपणी टायरला घासून घरघर करणाऱ्या बाटलीसारख्या डायनॅमोशी त्याचे नातेच राहिलेले नाही. त्याचा भार पायाला जेमतेम जाणवतो आणि सायकल थांबल्यावरही दिव्यातला स्टँडलाईट काही मिनिटे तेवत राहतो. चढाला चाल मंदावली की प्रकाश घटतो, पण चढाला तो फारसा लागतही नाही. खर्च मोठा आहे, शिवाय चाक नव्याने विणून घ्यावे लागते. पाण्यापासून बचावाचे मानांकनही पाहावे: साध्या पावसाला आयपीएक्स४ चालते. ताम्हिणीत जुलैमध्ये चालवायचे असेल तर त्याहून वरचे घ्यावे.

रात्री पुढचा लाईट फ्लॅशवर ठेवू नये, याबाबत माझे मत पक्के आहे. लुकलुकणाऱ्या दिव्याचे अंतर आणि वेग समोरच्याला जोखता येत नाही, आणि जर्मनीत तर पुढच्या दिव्याला लुकलुकायला बंदीच आहे. फ्लॅश दिवसा खुशाल वापरावा.

बीआरएमच्या सुरुवातीला आयोजक सायकलला पुढे-मागे लाईट आहे का, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आहे का हे तपासतात. माझी त्यांना मनापासून विनंती आहे की त्याच वेळी एका भिंतीवर खडूची रेघ ओढून प्रत्येकाच्या झोताचा कोनही पाहावा आणि ज्याचा झोत रेघेच्या वर जातो त्याला तिथेच तो खाली करायला लावावा. पन्नास जणांच्या राईडला यात अर्धा तास जाईल, तेवढा सुरुवातीच्या वेळापत्रकात आधीच धरता येतो.