त्रेचाळीस टक्के सिंहगड

पन्नाशी पूर्ण व्हायच्या आत आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड चढायचा, असा संकल्प मी गेल्या जूनमध्ये सोडला. संकल्प 'सोडला' असं का म्हणतात, ते पुढे हळूहळू कळत गेलं.

मी हिशेबातला माणूस. त्याच रात्री एक्सेल उघडलं. बारा आठवडे आखले. पहिले दोन आठवडे सोसायटीचे जिने, तिसऱ्यात पर्वती, चौथ्यात नवे बूट खोक्यातून काढणे. रविवारला हिरवा रंग द्यायचा ठरला, पण पोपटी की शेवाळी यात पावणेबारा वाजले. सकाळी जाग आली नाही आणि जिने राहिले.

दुसऱ्या रात्री उंचीचा हिशेब घेतला. सिंहगड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर. आकडा बघूनच गुडघा दुखला. मग लक्षात आलं, अरे, पुणं स्वतःच ५६० मीटरवर बसलंय की! म्हणजे अंथरुणात पडल्या पडल्या माझा ४३ टक्के गड चढून झालेला होता. 'प्रगती'च्या रकान्यात मी ४३ भरले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, ती उंची धरली नाही. खोटं लिहायची सवय नाही आपल्याला.

बायकोने चहा ठेवता ठेवता स्क्रीनकडे पाहिलं. "उरलेले सत्तावन्न कोण चढणार?"

पावसात वाट निसरडी. मग गणपती. पितृपक्षात शुभारंभ नको. दिवाळीनंतर तीन रविवार सासरच्या तीन लग्नांना गेले. 'आधी लगीन कोंडाण्याचं, मग रायबाचं' असं तानाजी मालुसरे म्हणाले, हे शाळेपासून ऐकतोय. त्यांना माझ्यासारखं सासर नसावं. दर वेळी मी तक्ता आठवडाभर पुढे ढकलायचो. ते मात्र एका क्लिकमध्ये व्हायचं आणि काहीतरी केल्यासारखं फार बरं वाटायचं.

जानेवारीत ठरवलं, पायथ्याची पूर्वपाहणी करून येऊ. पाणी कुठे मिळतं, सावली कुठे आहे, बसायला दगड किती, सगळं टिपायचं. पाहणीच म्हटल्यावर पायात चपला. बूट चौथ्या आठवड्यात होते ना!

रविवारी सातला आतकरवाडीत उतरलो. वही काढतोय तोच सत्तरीचे एक काका शेजारी येऊन उभे राहिले. हातात काठी, डोक्याला माकडटोपी.

"काय, वर?"

"नाही हो, नुसती पाहणी."

"मग पहिल्या ताकापर्यंत तरी चला. ताक पाहून घ्या."

ताक तक्त्यात नव्हतं. पण चांगलं होतं. मावशींनी माठातून ग्लास भरला, वर चिमूटभर मीठ टाकलं, सोबत तिखटमीठ लावलेली काकडी दिली. "पुढचीकडं लिंबूसरबत हाय," म्हणाल्या. लिंबूसरबताची नोंद करायला हवीच, म्हणून पुढे गेलो. तिथे वही काढली तेव्हा पान घामाने भिजलं होतं. पेन उठेना. वही खिशात घातली ती घातलीच.

मध्ये एका चढावर फार वाईट झालं. एक दगड धरून मी आयुष्याचा ताळेबंद मांडत होतो. उतरणाऱ्या पोरीला विचारलं, "अजून किती?" ती म्हणाली, "हे काय काका, दहा मिनिटं." अर्ध्या तासाने भेटलेला दुसराही दहाच मिनिटं म्हणाला. त्या वाटेवर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ कुणी सांगतच नाही. सांगितला असता तर मी नक्की परत फिरलो असतो.

पुणे दरवाजात पोचलो तेव्हा सव्वादोन तास झाले होते. काका पाऊण तासात वर पोचून पिठलं-भाकरी खाऊन परत निघाले होते. माझ्या चपलांकडे बघून म्हणाले, "झाली पाहणी?"

मी बायकोला फोन केला. "वर आलोय."

"कुणाच्या?" तिने विचारलं.

रात्री पाय गरम पाण्यात सोडून तक्ता उघडला. पहिल्या आठवड्याच्या आधी रकानाच नव्हता, तेव्हा हा चढ लिहायचा कुठे? शेवटी 'प्रगती'वर गेलो, ४३ खोडले आणि ऐटीत १०० लिहिले. मग हिशेबातल्या माणसाला राहवेना. मी आता घरी होतो. घर पुण्यात. पुणं ५६० मीटरवर.

१०० खोडून पुन्हा ४३ केले.