पावलोव्हने लाळेबद्दल बक्षीस दिलं नव्हतं

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगाबद्दल 'घंटा ऐकून लाळ गाळली की पावलोव्ह कुत्र्याला खाऊ द्यायचा, म्हणून ती सवय लागली' असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. लाळ गळो वा न गळो, संकेतामागोमाग अन्न यायचंच. कुत्र्याने काय केलं यावर ते अवलंबून नव्हतं. हे अभिजात अभिसंधान (classical conditioning), म्हणजे संकेत आणि अन्न यांची जोडी जुळून शिकणं. कळ दाबली तरच दाणा, हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या उंदरांचा मामला. ते साधक अभिसंधान (operant conditioning), म्हणजे कृतीच्या परिणामातून शिकणं.

फरक पुस्तकी वाटेल, पण १९६५ मध्ये मानसशास्त्रज्ञ शेफील्डने तो कुत्र्यांवर थेट तपासला: संकेतावर लाळ गळली की त्या वेळचं अन्न रद्द. बक्षिसाचाच हिशेब असता तर कुत्र्यांनी लाळ आवरली असती. ती गळतच राहिली. (प्रत्यक्ष प्रशिक्षणात मात्र दोन्ही प्रक्रिया बहुधा एकत्रच चालतात.)